ती थाप माझी नव्हती

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत कोणालाही विचारा, थापाड्या मिस्त्री कुठे राहतो. तो तुम्हाला माझ्या फाटकापर्यंत आणून सोडेल आणि वर माझी एखादी गोष्टही सांगेल, जी मी कधी सांगितलेलीच नाही. माझं पाळण्यातलं नाव आता फक्त आधार कार्डाला ठाऊक आहे. लोक म्हणतात, मिस्त्री एकाचे दहा करतो. हे साफ खोटं आहे. दहा मी आळसाच्या दिवशी करतो.

धंदा ऑटो इलेक्ट्रिशियनचा. म्हणजे गाडीतलं जे दिसत नाही ते दुरुस्त करणारा माणूस. आयुष्यात एवढी वायर ओढली की सगळी एकाला एक जोडली तर आर्वीच्या डेपोतून निघून चंद्राला वेढा घालून परत वर्ध्याला येईल, आणि दुकानात दोन बंडलं तरी उरतील. हिशेब कोणी तपासू नये.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर बजावलं, या वेळी खरं लिहा, आमचा वाचक शिकलेला आहे. म्हणून हा आर्वीच्या ट्रेलरचा किस्सा काढला. वर्धा जिल्ह्यात तो पुष्कळांनी ऐकलाय, पण शेवट कोणी ऐकलेला नाही, कारण तो मी कधी सांगितलाच नाही.

आधी थोडं धंद्याचं सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. घरातल्या दिव्याला दोन वायरी लागतात, वीज एका वायरीने येते आणि दुसरीने परत जाते. गाडीत येणारी वायर तेवढी असते. परत जायला गाडीचं लोखंडच रस्ता. दिव्याची एक बाजू लोखंडाला पक्की कसली की वीज बल्ब पेटवून लोखंडातून गुपचूप बॅटरीकडे घरी जाते. या परतीच्या रस्त्याला आम्ही मिस्त्री लोक अर्थ म्हणतो. मराठीच्या मास्तरांना काय वाटायचं ते वाटो, आमच्याकडे अर्थ पान्याने कसतात आणि रेजमालाने, म्हणजे पॉलिश पेपरने, घासतात.

आता गंमत अशी की अर्थ तुटला म्हणून वीज मरत नाही. ती दुसरी वाट शोधते. शेजारच्या दिव्यात शिरते, त्याच्या पलीकडच्या वायरीतून उलटी जाते, आणि मग जे पेटायला नको ते पेटतं. एका पुढाऱ्याच्या जीपचा डावा इंडिकेटर दिला की वायपर हात जोडायचे आणि हॉर्न दाबला की आतला दिवा लागायचा. पुढारी म्हणाला, विरोधकांनी करणी केली. मी बॅटरीखालचा एक गंजका नट घासला, करणी उतरली. निवडणुकीत तो पडला, तो दोष वायरिंगचा नव्हता. दुसरी एक शववाहिका. भर दुपारी माझ्या दुकानासमोर उभी, आत कोणी नाही, आणि ती आपली आपण हॉर्न वाजवायला लागली. ड्रायव्हर समोरच्या टपरीतून जो पळाला तो देवळीलाच थांबला असं म्हणतात. उन्हाने हॉर्नच्या बटणातलं प्लास्टिक वितळून चिकटलं होतं, एवढंच.

सांगायचा मुद्दा, माझ्या दुकानात भुतं पुष्कळ आली आणि सगळी पान्याने सुटली. म्हणून मी कोणाला घाबरत नव्हतो.

दामुभाऊ आर्वीचे. घरची शेती आणि जोडीला मंडप-डेकोरेशनचा धंदा. दोन मुलं, थोरला चंदू, धाकटा गजू. लग्नसराईत गजू पिकअप चालवायचा आणि मागच्या ट्रॉलीत मंडपाच्या बल्ल्यांवर, म्हणजे लाकडी खांबांवर, चंदू बसायचा. आमच्याकडे ट्रॉलीचे दिवे म्हणजे असले तर असले. मागे बसलेला माणूस हाच दिवा आणि हाच हॉर्न. काही अडचण झाली की तो पत्र्यावर थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण आर्वी ते वर्धा त्याच्याविरुद्ध कोणी वागत नाही.

एका लग्नाहून परत येताना, दिवस बुडायच्या सुमारास, खरांगण्याच्या पुढच्या वळणावर बल्ल्यांचा दोर सुटला. चंदूने थाप मारली असणारच. गजूने कॅबिनमध्ये गाणी मोठ्याने लावली होती. त्याला कळलं ते पुढच्या गावात, चहाला थांबल्यावर. मागे वळून पाहिलं तर बल्ल्या अर्ध्या आणि चंदू नाही.

त्यानंतर दामुभाऊंनी ती ट्रॉली भंगारात दिली. वर्ष गेलं, आणि एके दिवशी ते पिकअपच्या मागे एक प्राणी बांधून माझ्या दुकानासमोर उभे राहिले. फौजेचा ट्रेलर. दोन चाकांचा, शेवाळी हिरवा, अंगाने रेड्यासारखा. फौजेतून बाद झालेला माल लिलावात निघतो, कोणी कंत्राटदार उचलतो, आणि मग तो हातोहात फिरत आपल्या दारात येतो. त्या पिकअपमागे तो असा दिसत होता, जसा एखादा सुभेदार वाट चुकून वरातीत शिरलाय.

दामुभाऊ म्हणाले, "मिस्त्री, याचे लाइट असे करून द्या का मागच्याले कोसावरून दिसले पाह्यजे. आता माह्या घरचा मानूस मागं नाई बसनार."

काम मोठं गोड होतं. फौजेचं सगळं चोवीस व्होल्टवर चालतं, आपली पिकअप बाराची. गंमत म्हणून मी आधी तसेच जोडून पाहिले, तर दिवे लागले ते विझत आलेल्या चुलीसारखे. बल्ब आहे, वीज आहे, पण उजेड पोटातच राहतोय. मग सगळे बल्ब बाराचे टाकले. इंडिकेटरचा फ्लॅशर बदलला. फौजेचा प्लग बारा पिनांचा, मुठीएवढा, त्याला पितळी झाकण. तो कापताना माझा जीव तुटला, पण आपल्याकडे सात पिनांवर संसार चालतो. मागच्या सगळ्या दिव्यांची मिळून एक जाड अर्थ वायर काढली आणि मागे उघडणाऱ्या फाळक्याच्या खालच्या लोखंडी पट्टीत, अगदी मधोमध, बोल्टने कसून टाकली.

एक भानगड राहिली. खाली वाकून पाहिलं तर ॲक्सलवर मागच्या बाजूने ताटलीएवढा पांढरा गोळा रंगवलेला, आणि त्याच्यावर टोपीत लपवलेला एक इवलासा दिवा, फक्त त्या गोळ्याकडे बघणारा. दुकानात एक निवृत्त फौजी ड्रायव्हर यायचे, त्यांनी समजावलं. फौजेचा ताफा अंधारात सगळे दिवे मालवून चालतो. तेव्हा हा एकच दिवा लागतो. वरून पाहणाऱ्या शत्रूला काही दिसत नाही, मागच्या ड्रायव्हरला मात्र जमिनीलगत एक पांढरा गोळा तरंगताना दिसतो. तो वळला की हा वळतो, तो थांबला की हा थांबतो. शेवटी ते म्हणाले, "लय वेळ पाहू नये त्याच्याकडे. त्याले डोये फुटतेत."

मी हसलो. त्या दिव्याची वायर ट्रेलरच्या नळीतून गेली होती, काही केल्या ओढून निघेना. पुढचं टोक कापलं, टेप गुंडाळली आणि नळीत सरकवून दिलं. बल्ब जागच्या जागी राहू दिला. चोवीसचा बल्ब, त्याला इथे वीज देणार कोण?

ट्रेलर आर्वीला गेला तेव्हा त्याचा ब्रेकलाइट एवढा लाल होता की पुलगावला लोक सूर्य मावळला समजून घरी गेले असतील.

दसरा झाला, दिवाळी झाली. थंडीत एका दुपारी दामुभाऊ एकटेच एसटीने आले. आले आणि बाकड्यावर बसले. चहा नको म्हणाले.

मग म्हणाले, "गजू ब्रेक मारत नाई, मिस्त्री."

मी म्हणालो, ब्रेक लागत नसेल तर ते माझं काम नाही, मेकॅनिककडे दाखवा.

"ब्रेक लागते. थो मारतच नाई. ब्रेक मारला का मागं चंदू दिसते म्हन्ते."

मग सगळं बाहेर आलं. दसऱ्यानंतर हे सुरू झालं होतं. संध्याकाळच्या वेळी गजू गाडी चालवत असला आणि त्याने ब्रेकवर पाय ठेवला की आरशात, ट्रेलरच्या खाली, अगदी रस्त्यालगत पांढरं काहीतरी उमटायचं. पाय काढला की जायचं. गाडी पळती ठेवली की नाही, थांबवायला गेलं की आलं. खरांगण्याच्या वळणावर ते एकदा लुकलुकलं, जसं कोणी पापण्या मिटतंय. तेव्हापासून गजू गिअर पाडून, हँडब्रेक ओढून गाडी आवरायचा, पण पायाखालच्या ब्रेकला शिवायचा नाही. आंजी गावाजवळ एका गाईला वाचवताना बांधावर चढला होता. त्याला हमाल सोडून गेले. दामुभाऊंचं म्हणणं, एक पोरगा मागे बसून गेला, आता दुसरा पुढे बसून जाईल.

"विकून टाका ट्रेलर," मी म्हणालो.

"हे विकू देत नाई." हे म्हणजे त्यांची बायको, शांतावहिनी. त्या रोज तिन्हीसांजेला ट्रेलरमागे जाऊन बसतात आणि गजूला ब्रेक दाबायला लावतात.

मी पिशवीत पाना, टेस्ट लॅम्प आणि रेजमाल टाकला आणि त्यांच्याच सोबत एसटीत बसलो. वाटेत खरांगणं आलं तेव्हा दामुभाऊंनी खिडकीची काच लावून घेतली. थंडी होती, पण तेवढी नव्हती.

आर्वीला पोचेपर्यंत दिवस कलला होता. अंगणात कडुलिंबाखाली पिकअप आणि मागे तो ट्रेलर. दसऱ्याला त्याची पूजा झाली होती, झेंडूचा वाळका हार अजून हुकावर होता. हिरवा रंग गेला होता. फाळका, पट्टी, हुक, सगळ्याला जाड पिवळा ऑइलपेंट, आणि खालच्या पट्टीवर मधोमध लाल अक्षरात पेंटरने लिहिलं होतं: चंदू.

शांतावहिनी ट्रेलरच्या मागे पोत्यावर बसल्या होत्या. मला पाहून पदर सावरला, सरकून जागा दिली, जशी भजनाला देतात. मी बसलो. घरात दिवा लावलेला नव्हता. उजेड असा झाला होता की माणूस दिसतं पण चेहरा दिसत नाही.

त्या हळूच म्हणाल्या, "गजू, दाब."

पिकअपमध्ये गजूने ब्रेक दाबला. वर, जिथे मी लावलेले लाल दिवे भडकायला हवे होते, तिथे नुसता काळोख. आणि खाली, ट्रेलरच्या पोटात, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक पांढरं तोंड उमटलं. एकदम नाही, झोपेतून जागं व्हावं तसं, सावकाश. कडेला पिवळसर, मध्ये फिकट. चिखलाचे दोन शिंतोडे नेमके डोळ्यांच्या जागी. खालच्या बाजूला पट्टीची सावली पडून ओठ झालेला. ते आमच्याकडे पाहत होतं.

लोकांना सांगताना मी सांगतो की माझे केस असे ताठ झाले की टोपी वर उचलली गेली. खरं म्हणजे काहीच वर गेलं नाही. तरी टोपी मी हाताने दाबून धरली. मला माहीत होतं तो ॲक्सल आहे. त्याच्यावरचा बल्ब मी माझ्या हाताने पाहिला होता, त्याची वायर मी माझ्या हाताने कापली होती. आणि हेच वाईट होतं, कारण त्याला वीज देणारं कोणी नव्हतं.

"दिसला?" वहिनींनी विचारलं.

"दिव्याचा उजेड हाये, वहिनी."

"उजेड तं हायेच," त्या म्हणाल्या. "कोनाचा हाये थे सांगा."

गजूने पाय काढला. तोंड विझलं, तेही सावकाश. मग पुन्हा, "दाब." असं किती वेळ चाललं असतं कोण जाणे. मी उठलो, कारण मला कळलं की मी आणखी थोडा वेळ बसलो तर मलाही चंदूच दिसेल.

मिस्त्री माणूस घाबरला की हाताला काम देतो. टेस्ट लॅम्प लावला. वीज ब्रेकलाइटपर्यंत येत होती, बल्ब चांगले होते, पण परतीचा रस्ता बंद. मग ती जात कुठे होती? खाली निजलो, नळीच्या तोंडाशी बोट घातलं. दसऱ्याला फवाऱ्याने धुताना माझी टेप निघाली होती आणि त्या कापलेल्या वायरीचं उघडं टोक ट्रेलरच्या लोखंडाला टेकलं होतं. म्हणजे बघा, अर्थ तुटला, वीज अडली, आणि वाट शोधत शोधत, त्याच जाड अर्थ वायरीला जोडलेल्या गोळ्याच्या दिव्यातून उलटी गेली. चोवीसचा बारीक बल्ब सगळा जोर स्वतःच खाऊन टाकत होता, वरच्या लाल दिव्यांना काही उरत नव्हतं. गजूला वाटलं भूत मागे लागलंय. भुतापेक्षा वाईट होतं. तो ब्रेक मारायचा तेव्हा मागच्या गाडीला काहीच दिसत नव्हतं.

आता अर्थ कुठे तुटला? पट्टीवर माझा बोल्ट सापडेना. हात फिरवला, पुन्हा फिरवला. पिवळ्या रंगावर लाल अक्षरं, बाकी सपाट. आणि मग बोटाला लागला. आर्वीच्या पेंटरने, कलावंत माणूस, नाव मधोमध यावं म्हणून बोल्ट काढला, पट्टीला दोन हात रंग दिला, ओल्या रंगावरच बोल्ट परत बसवला, आणि त्याचं गोल डोकं लाल रंगवून चंदूमधलं टिंब करून टाकलं. बोल्ट आणि लोखंडाच्या मध्ये रंगाचा पापुद्रा. रंग वीज जाऊ देत नाही. कधी गचक्याने जरा टेकायचं, तेव्हा लाल दिवे नीट लागायचे, नाहीतर खालचं तोंड.

मी पाना लावला तशा वहिनी उठून आल्या.

"काय करून राह्यले, भाऊ?"

"इथला रंग घासा लागते."

"टिंब नका काढू. नाव बिघडन."

मी समजावलं. जमेल तसं, वायर, लोखंड, परतीचा रस्ता. त्या ऐकत होत्या का माहीत नाही. शेवटी म्हणालो, "वहिनी, लाइटले अर्थ नाई राह्यला. अर्थ नसला का असंच होते."

त्यांनी त्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "अर्थ नाई थे मले माईत हाये. कुठी तुटला थेवढं दाखवा."

मी टिंबावर बोट ठेवलं.

"अन् नाई घासला तं?"

"तं गजूच्या मागून येनाऱ्याले गजू दिसनार नाई."

पिकअपचं दार उघडून गजू खाली उतरला होता, पण जवळ येत नव्हता. वहिनींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. माझ्या हातातला रेजमाल घेतला, खाली बसल्या, आणि बोल्ट निघाल्यावर त्या टिंबाच्या जागी स्वतः घासायला लागल्या. लाल गेला, पिवळा गेला, त्याखालचा फौजेचा हिरवा गेला, तरी थांबेनात. लोखंड आरशासारखं उघडं पडलं तेव्हा मी त्यांचा हात धरला. बोल्ट कसला. रंगवला नाही. नावावर आता चांदीचं टिंब.

"दाब, गजू," मी म्हणालो.

सगळं अंगण लाल झालं. कडुलिंब लाल, दामुभाऊंचं धोतर लाल, वहिनींचे हात लाल. त्यांनी वाकून ट्रेलरखाली पाहिलं. तिथे काळोख. त्या म्हणाल्या, "आता मागच्याले दिसन," आणि घरात जाऊन दिवा लावला.

तो खालचा बल्ब मी काढला आणि त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो पदराच्या टोकाला बांधला.

जेवताना गजू म्हणाला, "काकाजी, तुमी बल्ब काढला. पन थो कुठी गेला असन?"

मी एवढा बोलका माणूस, मी आणखी भाजी मागून घेतली.

ब्रेकलाइट दुरुस्त झाला होता, गजू नाही. सकाळी त्याने मला वर्ध्याला सोडायचं ठरलं. पिकअप त्याने दारातून काढली ती हँडब्रेक ओढत. दामुभाऊ उंबऱ्यात उभे, त्यांचं तोंड पाहवेना. मी म्हणालो, "हे पाह्य गजू, मी मागं ट्रेलरमध्ये बसतो. लाल लागते का नाई थे पाहतो. म्या थाप मारली का तू ब्रेक मारजो. लाल दिसलं का सांगतो. मंग तं झालं?"

खरं तर असं बसू नये. मी स्वतः पन्नास लोकांना यावरून शिव्या दिल्यात. पण त्या दिवशी कॅबिनमध्ये बसून मी त्याला काय सांगितलं असतं?

बाहेर धुकं. शेतं नाहीत, झाडं नाहीत, रस्ताही नाही, फक्त ट्रेलरचा पिवळा फाळका आणि त्याच्यामागून निसटत जाणारं हातभर डांबर. मी मागच्या टोकाला बसलो होतो, खाली वाकून दिवे दिसावेत म्हणून. फाळक्याची कडी सारखी वाजत होती, ती मी आधीच दोरीने आवळून बांधली, आणि त्याच दोरीला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो. गजूने गाणी लावली नव्हती. मोटारीचा आवाजसुद्धा धुक्यात गुंडाळल्यासारखा येत होता.

गाव सुटल्यावर मी एक हात सोडून थाप मारली. गाडी सावकाश झाली, पण गिअरवर. लाल नाही. थोड्या वेळाने पुन्हा मारली. पुन्हा तेच. मग मी मारणं सोडून दिलं, दोन्ही हात पुन्हा दोरीला. मनात म्हटलं, वर्ध्याला पोचलो की याला दुसरा धंदा करायला सांगू.

खरांगण्याच्या अलीकडे सागाचा पट्टा लागतो. तिथे धुकं आणखी दाट झालं. मला वळण जवळ आल्याचं कळलं ते थंडीमुळे. एकदम गार वाटलं, जसं कोणी शेजारी येऊन बसल्यावर ऊन अडतं. उन्हाचा तर पत्ता नव्हता. मी बाजूला पाहिलं नाही. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी पाहिल्याचं सांगितलंय. त्या दिवशी बाजूला पाहिलं नाही, हे मात्र शपथेवर सांगतो.

आणि थाप वाजली.

पत्र्यावर, उघड्या तळहाताची. एकच. माझ्या डाव्या अंगाला.

गजूने ब्रेक मारला. पायाचा, पूर्ण. ट्रेलर किंचाळला, मी दोरीला लोंबकळलो, आणि मागचं सगळं धुकं एका क्षणात लाल झालं. गाडी थांबली. कॅबिनवरून पुढे पाहिलं तर पिकअपच्या नाकापासून हातभर अंतरावर उसाने भरलेली एक ट्रॉली, टायर फुटून वळणातच उभी. मागे ना दिवा, ना दगड, ना फांदी. माणसं सोडून चहाला गेलेली.

गजू खाली उतरला. माझ्याजवळ आला, फाळक्याला धरून उभा राहिला. पुढच्या ट्रॉलीकडे वळूनही पाहिलं नाही.

म्हणाला, "या टायमाले ऐकू आली, काकाजी."

मी दोरी हातातून सोडली.

"तुमीच मारली ना?"

मला थापाड्या म्हणतात. एकाचे दहा करताना माझी जीभ कधी अडखळली नाही. त्या वळणावर एक अक्षर बाहेर काढायला मला जो वेळ लागला, तेवढ्यात मी एखाद्या बसचं अख्खं वायरिंग केलं असतं.

"हो," मी म्हणालो. "म्याच मारली."

"लाल लागला?"

"कोसावरून दिसन असा."

तिथून वर्ध्यापर्यंत तो ब्रेक मारत आला. गरज नसतानाही मारत आला. माझी हाडं खिळखिळी झाली आणि मी मागे बसून लाल मोजत आलो.

या गोष्टीला काही वर्षं झाली. दुकान मी बंद केलं. डोळ्यांना बारीक वायर दिसत नाही, आणि नव्या गाड्यांत दिवा लावायलाही संगणक लागतो. आता ओट्यावर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गोष्टी सांगतो. गजूचं लग्न झालं, त्याच्या लग्नाचा मंडप याच ट्रेलरने वाहिला. परवा तो ट्रेलर घेऊन वर्ध्याला माल घ्यायला आला होता, वाकडी वाट करून माझ्याकडे आला. ट्रेलरला पुन्हा रंग दिलाय, नाव नवीन काढलंय, पण टिंबाला रंग लावलेला नाही. पेंटरला शांतावहिनी शेजारी उभ्या राहून सांगतात म्हणे.

चहा झाला. मी म्हणालो, दिवाळी अंकात तुझ्या ट्रेलरचं लिहायला सांगितलंय, लिहू का?

तो म्हणाला, "लिहा ना. खरं लिहा पन."

"म्हन्जे?"

"काकाजी, तवा आरशात मले तुमी दिसत होते. तुमचे दोन्ही हात दोरीले होते."

मी कप खाली ठेवला.

"मंग तवाच काऊन नाई बोल्ला बे?"

"तुमी हो म्हनाले ना," गजू म्हणाला. "म्हटलं, या मानसाले एवढा टाइम लागला हो म्हनाले. कशाले खोटं पाडा."

दोरीने आवळलेली कडी सुटली असेल, असं मी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, असन. उसाच्या ट्रॉलीची कांडी पडली असेल, म्हणालो. तेही असन, म्हणाला. आणि हसत हसत गाडीत जाऊन बसला.

मी ओट्यावरून उठलो, ट्रेलरच्या मागे गेलो. चांदीचं टिंब उन्हात चमकत होतं. पत्र्यावर उघड्या हाताने दोन थापा मारल्या. दोन म्हणजे चल. त्या दोन्ही माझ्या होत्या.

नाक्यावर त्याने ब्रेक मारला. भर दुपारी, मला इथून, चष्म्याशिवाय लाल दिसलं.